पोटुशीच्या मनाचं माप

"बीपी मोजता, साखर मोजता, मग पोटुशी बाईचं टेन्शन मोजायला काही नाही का?" गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी कुठल्याही सरकारी दवाखान्यात थोडा वेळ बसलं, की हा प्रश्न कुणा ना कुणाच्या तोंडून येतोच. विचारणारी कधी सासू असते, कधी नवरा, कधी खुद्द ती बाई. दंडाला पट्टा बांधला की आकडा येतो, बोटाला सुई टोचली की हिमोग्लोबिन कळतं. मनावरच्या ताणाचंही असंच काही असावं, ही अपेक्षा मुळीच वेडगळ नाही. गेली पन्नास-साठ वर्षं जगभर त्याच खटपटीत माणसं आहेत आणि त्यांच्या हाती बरीच साधनंही आली आहेत. ती कशी चालतात, कुठे फसतात आणि सिल्वासासारख्या ठिकाणी वापरायची तर काय काय सांभाळावं लागतं, ते क्रमानं पाहू.

१. एका बाकावर तिघी

सिल्वासा ज्यात येतं, तो दादरा आणि नगर हवेली जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यात निम्म्याहून थोडे अधिक आदिवासी होते: वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे बायका निघाल्या फक्त ७७४. याचं मोठं कारण इथले कारखाने. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र अशा ठिकाणांहून तरुण इथे कामाला येतात, बरेचसे एकटे. पुढे त्यांतले काही जण गावी जाऊन लग्न करतात आणि बायकोला इथल्या भाड्याच्या खोलीत घेऊन येतात.

म्हणून सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात गरोदर बायकांच्या रांगेत तीन-चार भाषा सहज कानावर पडतात. समजा, एका बाकावर तिघी बसल्या आहेत. पहिली दुधनीकडची वारली बाई. रक्त फार कमी आहे म्हणून तिला खानवेलहून इकडे पाठवलंय; सासूला घेऊन वासोण्यावरून वडापच्या गाडीनं आली आहे. रात्री कळा सुरू झाल्या तर पाड्यावर गाडी कुठून येणार, हा तिचा घोर. दुसरी ओडिशाची, राखोलीच्या एका खोलीत राहणारी. नवऱ्याची पाळी बारा तासांची, माहेर रेल्वेनं दीड-दोन दिवसांवर. आपण बाळंतपणाला आत गेलो की तीन वर्षांच्या मोठ्या मुलाला कोण बघणार, हे तिला सुचत नाही. तिसरी सिल्वासातच वाढलेली मराठी मुलगी, पदवीधर, आधीच्या दोन मुली. घरात कुणी तोंडानं काही म्हणत नाही, आणि त्या न म्हणण्याचाच तिला त्रास होतो.

तिघींच्या प्लास्टिकच्या पिशवीत गरोदरपणाचं कार्ड आहे. वजन, बीपी, लघवी, बाळाचे ठोके असे सगळे रकाने भरलेले आहेत. आता या तिघींपैकी कुणावर जास्त ताण आहे?

२. पाऊस, साठा आणि विसर्ग

उत्तराआधी 'ताण' या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कशा कोंबल्या जातात ते पाहायला हवं. सिल्वासाजवळ दमणगंगेवरचं मधुबन धरण आठवा. पावसाळ्यात वर, घाटाकडे पाऊस किती पडला ही एक नोंद असते. धरणात पाणी किती चढलं ही दुसरी. आणि दरवाजे उघडून खाली किती सोडलं ही तिसरी. तिन्ही नोंदी पाण्याच्याच आहेत, पण एकीवरून दुसरी नेमकी सांगता येत नाही. उन्हाळ्यात रिकाम्या झालेल्या धरणाला जो पाऊस पचतो, तोच गणपतीच्या सुमारास भरलेल्या धरणाला पचत नाही.

ताणाचंही तसं आहे. बाईवर काय काय गुदरलं, म्हणजे नोकरी गेली, घरात मारहाण झाली, आधीचं मूल दगावलं, तो पाऊस. तिला स्वतःला ते किती जड जातंय, तो साठा. आणि तिच्या शरीरात त्यामुळे काय उलथापालथ होते, झोप, नाडी, रक्तातले हार्मोन, तो विसर्ग. ताणावरच्या संशोधनाची सुरुवात तिसऱ्या टोकाकडून झाली. १९३६ मध्ये हान्स सेली यांनी उंदरांवरचे प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात मांडले: थंडी, जखम, विष, काहीही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो. पहिलं टोक मोजायचा प्रसिद्ध प्रयत्न १९६७ चा. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, गरोदरपणाला ४०. ही यादी अमेरिकी घरांवरून बेतलेली होती. आपल्याकडे गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीय माणसांसाठी ५१ घटनांची स्वतंत्र यादी तयार केली, ती आजही वापरात आहे.

पाऊस आणि साठा वेगळे ठेवले तर काय मिळतं, याचा चांगला दाखला कॅनडातला आहे. जानेवारी १९९८ मध्ये क्युबेक प्रांतात बर्फाचं भयंकर वादळ झालं. तीस लाखांहून जास्त लोकांची वीज गेली, काहींची महिनाभराहून अधिक. सुझन किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या बायका शोधल्या आणि दोन वेगळी मापं घेतली: घरात किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, हे एक, आणि मनाला किती त्रास झाला, हे दुसरं. पुढे ही मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या बौद्धिक आणि भाषिक वाढीशी संबंध दिसला तो मुख्यतः पहिल्या मापाचा. "मला काही विशेष वाटलं नाही" म्हणणाऱ्या बाईच्या शरीरानंही हाल सोसले होतेच. आपल्या बाकावरच्या वारली बाईला "टेन्शन आहे का?" विचारलं तर ती बहुधा "नाय" म्हणेल. तेवढ्यावर थांबलं तर तिच्या पाड्याचा रस्ता नोंदीत येणारच नाही.

३. दहा प्रश्नांची बेरीज

साठा मोजायचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये केलं. आधी त्यात १४ प्रश्न होते, पुढे १० चा संच रूढ झाला. गेल्या महिनाभरात अमुक किती वेळा वाटलं, असं विचारायचं आणि 'कधीच नाही' याला ० पासून 'फार वेळा' याला ४ पर्यंत गुण द्यायचे. एकूण ४० पैकी.

यात एक मेख आहे. दहातले सहा प्रश्न त्रासाबद्दल आहेत: गोष्टी हाताबाहेर चालल्या असं वाटणं, अचानक काही घडून मन विस्कटणं वगैरे. उरलेले चार प्रश्न धीराबद्दल आहेत: अडचणी निभावता येतील असा भरवसा वाटणं, सगळं मनासारखं चाललंय असं वाटणं. या चारांचे गुण उलटे करायचे असतात. उदाहरण घेऊ. एका बाईचे त्रासाच्या सहा प्रश्नांचे गुण आले ३, २, ३, २, १, ३, बेरीज १४. धीराच्या चार प्रश्नांना तिनं उत्तरं दिली ०, १, १, ०. म्हणजे तिला धीर जवळजवळ वाटतच नाही. ४ मधून वजा करून हे गुण होतात ४, ३, ३, ४, बेरीज १४. एकूण २८. उलटे करायला विसरलं तर त्याच बाईची बेरीज येते १६. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायऱ्यांप्रमाणे २७ आणि त्यापुढे ताण 'जास्त' आणि १४ ते २६ 'मध्यम'. घाईगर्दीत भरलेल्या तक्त्यात सर्वांत खचलेली बाई अशी मधल्या पायरीवर जाऊन बसते. हे तक्ते हाताळणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या दिवशी हाच हिशेब दोनदा करून पाहावा असं मला वाटतं.

आणि या पायऱ्या सोयीसाठी पाडलेल्या आहेत. हा संच मुळात माणसांच्या गटांची तुलना करण्यासाठी आहे. २६ निरोगी आणि २७ आजारी, असा त्याचा अर्थ नाही.

हा संच पुरुषाला, विद्यार्थ्याला, कुणालाही लागू पडतो. गरोदर बाईच्या खास काळज्या त्यात नाहीत: बाळ धड असेल ना, कळा सोसतील ना, मुलगी झाली तर, खर्चाचं काय. म्हणून गरोदरपणासाठी निराळे संच निघाले. आपल्या उपखंडातला एक पाकिस्तानातल्या अंब्रीन काझी आणि सहकाऱ्यांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी आधी बायकांनाच विचारलं की तुम्हाला कशाकशाचा घोर लागतो, आणि त्यातून हो-नाही अशा उत्तरांचे ३० प्रश्न बांधले. प्रश्न तयार करण्याची ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

४. ताण, चिंता, उदासी

बोलताना आपण तिन्हींना टेन्शन म्हणतो. मोजताना वेगळं करावं लागतं. ताणाला समोर काहीतरी कारण असतं. ओझं उतरलं की तो बराच हलका होतो. चिंता कारण संपल्यावरही रेंगाळते, पुढच्या न घडलेल्या गोष्टींभोवती फिरते. उदासीचा आजार, म्हणजे डिप्रेशन, यात दोन आठवडे किंवा अधिक काळ कशातच रस वाटत नाही, मन खाली खाली जातं. ताण लांबला तर तो दुसऱ्या दोहोंना वाट करून देतो, म्हणून दवाखान्यात बहुतेकदा तिसरीचाच शोध घेतात.

त्यासाठीचा सगळ्यांत गाजलेला तक्ता एडिंबरा शहराच्या नावानं ओळखला जातो. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सागोव्हस्की यांनी तो १९८७ मध्ये बाळंतिणींसाठी केला. पुढे तो गरोदरपणातही चालतो असं दिसलं. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ३०. विचारायचं फक्त गेल्या सात दिवसांबद्दल. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे, आणि त्या एका प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी त्या बाईशी सविस्तर बोलावं लागतं.

५. थकवा कशाचा?

एडिंबऱ्याच्या तक्त्यात एक शहाणपण आहे. थकवा, भूक, अंगदुखी यांबद्दल त्यात जवळजवळ काहीच विचारलेलं नाही. कारण सरळ आहे: नवव्या महिन्यात कुठली बाई रात्रभर नीट झोपते? तिसऱ्या महिन्यात कुणाला जेवण गोड लागतं? इतर रुग्णांसाठी केलेले तक्ते इथे जसेच्या तसे लावले, तर निम्मी रांग उदास ठरेल.

सिल्वासाच्या परिसरात याला आणखी एक पदर आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की पांडुरोग म्हणतात. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलही आहे. हा रक्ताचा आनुवंशिक दोष. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात, मग सांधे ठणकतात, दम लागतो. हिमोग्लोबिन ७-८ असलेली बाई म्हणते, "उठावंसंच वाटत नाही, कशात मन लागत नाही." हे रक्त बोलतंय की मन? पुष्कळदा दोन्ही. थायरॉइड मंदावलं तरी हुबेहूब असंच होतं. म्हणून मनाचा तक्ता भरण्याआधी रक्ताचा रिपोर्ट हातात हवा. रक्त कमी निघालं म्हणून मनाचे प्रश्न सोडून द्यायचे, ही उलट चूकही होते. सिकलसेलचा दोष अंगात आहे असं कळलेल्या गरोदर बाईला पुढची तपासणी नवऱ्याची करायची असते, आणि तो निकाल येईपर्यंतचे दिवस ती कशी काढत असेल, याची नोंद कुठल्याही प्रयोगशाळेच्या कागदावर उमटत नाही.

६. मग रक्तातूनच ताण का मोजू नये?

आता विसर्गाकडे येऊ. ताणाचं हार्मोन म्हणून कॉर्टिसॉल प्रसिद्ध आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ते तयार करतात. रक्तात, लघवीत, थुंकीत, अगदी केसातही ते सापडतं. मग एक चाचणी करावी आणि मोकळं व्हावं?

अडचण अशी की कॉर्टिसॉलचं दिवसाचं वेळापत्रक असतं. पहाटे ते चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्री तळाला जातं. सकाळी आठला घेतलेला नमुना आणि दुपारी दोनला घेतलेला नमुना यांची तुलनाच होत नाही. तपासणीसाठी खानवेलहून निघालेली बाई पहाटे उठते आणि राखोलीची बाई नवरा रात्रपाळीवरून आल्यावर झोपते. दोघींची घड्याळंच वेगळी.

त्याहून मोठी अडचण खुद्द गरोदरपणाची. या काळात वार, म्हणजे प्लॅसेंटा, स्वतःच एक संदेश-हार्मोन सोडते आणि कॉर्टिसॉल वाढवते. शेवटच्या महिन्यांत ते एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं, अगदी सुखात असलेल्या बाईचंही. बाळाची फुप्फुसं पिकायला ते लागतंच. नाडीही गरोदरपणात मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांनी वाढते. म्हणजे शरीराच्या ज्या खुणांवरून एरवी ताण ओळखावा, त्या सगळ्या इथे निसर्गानंच आधी हलवून ठेवलेल्या.

केसाची चाचणी त्यातल्या त्यात बरी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे डोक्याच्या मागून, मुळाशी कापलेल्या तीन सेंटिमीटर केसात मागच्या तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. दिवसाच्या वेळेची कटकट नाही. पण केस-नखं परक्याच्या हाती पडू देऊ नयेत ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. पोटुशी बाईचे केस मागायला गेलं, तर पुढच्या वेळी ती दवाखान्यातच येणार नाही. संशोधनासाठी या चाचण्या मोलाच्या आहेत. बाकावरच्या एकेका बाईचा ताण ठरवायला आज तरी त्या उपयोगाच्या नाहीत, आणि 'ताणाची रक्ततपासणी' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

इथेच सासूबाईंचा पुढचा प्रश्न येतो: बाळावर परिणाम होतो का? गर्भाला संरक्षण आहे. वारेत एक विकर असतं, ते आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्क्रिय करून टाकतं. तरी खूप आणि दीर्घ ताण असलेल्या बायकांच्या गटांत दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि कमी वजनाची बाळं सरासरीनं काहीशी जास्त दिसली आहेत. हे गटांचं गणित आहे. अमुक बाईला टेन्शन होतं म्हणून तिचं बाळ लहान झालं, असं कुणालाही सांगता येत नाही. "खूश राहा, नाहीतर बाळावर जाईल," हे वाक्य घरोघर मायेनं म्हटलं जातं, पण त्यानं बाईच्या डोक्यावर आणखी एक धोंडा येतो: आता तिला रडू येण्याचीही भीती. ज्या घरांना तिचा ताण कमी व्हावा असं खरंच वाटतं, त्यांनी तिचे हंडे उचलावेत, तिला दुपारी आडवं होऊ द्यावं आणि मुलगा-मुलगीचा विषय काढू नये.

७. कोण विचारतं, कुठे विचारतं

आता मोजणीच्या सर्वांत नाजूक भागाकडे. तक्ता कितीही चांगला असो, उत्तर देणारी बाई एकटी आहे का यावर निम्मं अवलंबून असतं. सासू शेजारी बसलेली असताना "घरात त्रास आहे का?" या प्रश्नाचं उत्तर जगात कुठेही एकच येतं. अनुभवी नर्सबाई यावर साधे उपाय करतात. "मावशी, तेवढा केसपेपरवर शिक्का मारून आणा," म्हणून सासूला खिडकीकडे पाठवतात, आणि वजनकाट्याजवळच्या त्या पाच मिनिटांत दार लोटून विचारतात. पोटुशीची उत्तरं खरी हवी असतील तर ही पाच मिनिटं कामाच्या वेळापत्रकातच धरायला हवीत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची तपासणी होते. रांगा असलेल्या अशा दिवशी हातात कागद देऊन "भरा" म्हणण्यापेक्षा अंगणवाडीताई किंवा आशाताईंनी वेगळ्या दिवशी घरी, पण घरच्यांच्या कानाआड, विचारणं केव्हाही चांगलं.

मग भाषा. छापील मराठी, गुजराती, हिंदी तक्ता वारली बोलणाऱ्या बाईला अर्धाच कळतो. रीतसर पद्धत अशी: एकानं मूळ प्रश्न बोलीत आणायचे, दुसऱ्यानं मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत न्यायचे, आणि जिथे अर्थ घसरला तिथे पुन्हा बसायचं. त्यानंतर चार-सहा बायकांना विचारून पाहायचं की तुम्हाला यातून काय समजलं. ओडिशाच्या बाईसाठी दुभाषी म्हणून नवरा बसला तर कागदावर येतात ती नवऱ्याची उत्तरं. तिच्या चाळीतली एखादी गाववाली बाई आणावी.

'फार वेळा' आणि 'कधी कधी' यांतला फरक अक्षरओळख नसलेल्या बाईला कागदावर दाखवून भागत नाही. चिंचोके घ्यावेत: काहीच वाटलं नसेल तर हात रिकामा, फार वाटलं असेल तर चार. ती चिंचोके उचलते, ठेवते, पुन्हा एक परत घेते. त्या परत घेण्यातही बोलायला जागा सापडते. आणि 'गेल्या सात दिवसांत' याऐवजी 'मागच्या बाजारापासून' म्हटलं तर हिशेब चटकन लागतो. महिन्यासाठी अमावास्या आहेच.

टेन्शन हा शब्द आता पाड्यापाड्यावर पोचला आहे, तरी पुष्कळ बायका मनाबद्दल शरीराच्या भाषेत सांगतात: छातीत धडधडतं, डोकं जड होतं, जीव घाबरा होतो. ऐकणाऱ्यानं लगेच गोळी लिहायला घेऊ नये. "असं कधी होतं?" एवढं विचारावं. "हे दारू पिऊन आले की," हे उत्तर दहा प्रश्नांच्या तक्त्यातून कदाचित कधीच निघालं नसतं.

८. शंभर बायकांचं गणित

तक्त्यात सीमेपलीकडे गेलेली बाई आजारी आहे असं समजावं का? एक हिशेब करू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. शंभर गरोदर बायका, त्यांतल्या १५ जणींना खरोखर डिप्रेशन आहे. तक्ता आजारी असलेल्या दर शंभरातल्या ८० जणींना पकडतो, म्हणजे १५ पैकी १२. नसलेल्या ८५ जणींपैकी १५ टक्क्यांना तो चुकून पकडतो, म्हणजे सुमारे १३. पकडल्या गेल्या २५. त्यांतल्या निम्म्याच आजारी, आणि आजारी असलेल्या तिघी सुटल्या.

सीमा खाली आणली तर सुटलेल्या तिघी सापडतील, पण चुकून पकडलेल्या वाढतील. वर नेली तर उलट. म्हणून सीमा प्रत्येक ठिकाणी तपासून ठरवावी लागते. एडिंबऱ्याच्या मूळ अभ्यासात १३ आणि त्यापुढचे गुण धोक्याचे मानले. गोव्यात कोंकणी तक्त्यासाठी ती सीमा १२ होती. तक्ता फक्त चाळणी लावतो. निदान डॉक्टर समोर बसून, बोलून करतात. "तुमचे गुण जास्त आले" असं बाईला रांगेत ओरडून सांगणं हा अन्याय आहे, आणि कार्डावर लाल शाईनं लिहिणं त्याहून मोठा.

९. आकडा आल्यावर पुढे काय

गोव्यातल्या त्या कामाकडे वळू, कारण आपल्या शेजारात इतकं नीट काम दुसरं क्वचितच झालं असेल. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात २७० बायका शेवटच्या तिमाहीतच गाठल्या आणि बाळंतपणानंतरही त्यांचा माग ठेवला. २००२ मध्ये निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी गाठता आलेल्यांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना, डिप्रेशन होतं. आणि त्यांतल्या ७८ टक्के बायकांच्या मनाला गरोदरपणातच मोठा त्रास होता. म्हणजे बाळंतिणीचा आजार चारातल्या तिघींत आधीच दिसत होता, विचारणारं कुणी असतं तर. सहा महिन्यांनीही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत पुढे होती गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं. मुलगी झाली की नाही याचाही हिशेब त्यात होता: घरात मारहाण किंवा उपासमार असेल तर तिचा परिणाम किती खोल जातो, हे बाळ मुलगा आहे की मुलगी यावरूनही बदलत होतं. सिल्वासाच्या बाकावरची तिसरी बाई न बोलता तेच तर सांगत होती.

विचारल्यावर मदत नसेल तर विचारणं क्रूर ठरतं. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात नाहीत आणि लवकर होतील अशी चिन्हंही नाहीत. गोव्यात यावर उपाय शोधला गेला. पाकिस्तानात अतिफ रहमान यांनी आरोग्यसेविकांकरवी चालवलेल्या बोलण्याच्या उपचाराचा परिणाम २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. तोच उपचार गोव्यात वस्तीतल्याच साध्या, मुलंबाळं असलेल्या बायकांना शिकवला गेला. त्यांना नाव दिलं सखी. गरोदरपणातच गाठलेल्या, डिप्रेशन असलेल्या २८० बायकांपैकी काहींच्या घरी सखी जाऊ लागल्या. उरलेल्यांना नेहमीची सेवा, आणि डिप्रेशन आहे एवढी माहिती डॉक्टरांना दिलेली. सखी या बायकांना स्वतःविषयी, बाळाविषयी आणि भोवतालच्या माणसांविषयी बोलतं करायच्या. दिवसातलं एखादं छोटं काम ठरवून द्यायच्या, पुढच्या खेपेला विचारायच्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा सखी लाभलेल्या बायकांपैकी शेकडा ७३ जणींचा आजार ओसरला होता. दुसऱ्या गटात शेकडा ६०. २०१९ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले.

फरक लहान आहे आणि खरा आहे. शेकडा ७३ म्हणजे २७ जणींना सखीनंतरही डॉक्टर लागतात, आणि त्या कोण हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकदाच तक्ता भरून फाइल बंद करणं उपयोगाचं नसतं. दर तीन महिन्यांनी, आणि बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी, बाळाच्या डोसाच्या वेळी, विचारावं. मधल्या काळात कुणाला रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. फोन फुकट आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. आशाताईंनी तो पोटुशीच्या मोबाइलमध्ये स्वतः टाकून द्यावा, आणि मोबाइल नवऱ्याकडेच राहत असेल तर शेजारच्या ज्या बाईवर तिचा विश्वास आहे तिच्या मोबाइलमध्ये.